भिंतीवरची राक्षसी : जिवतीचा कागद इतिहास म्हणून वाचताना

१/
जालना जिल्ह्याच्या इतिहासाची चर्चा निघाली की काही नावे हटकून येतात. १८०३ ची असईची लढाई, जालन्याचा किल्ला, अंबडची मत्स्योदरी, जांब येथील समर्थांचे जन्मस्थान. ही नावे यायलाच हवीत. परंतु याच जिल्ह्यातील असंख्य घरांत दरवर्षी श्रावणात एक चित्र येते, महिनाभर भिंतीवर राहते आणि महिना सरला की पाण्यात जाते. ऐतिहासिक वारशाच्या कोणत्याही यादीत त्याला जागा नसते. ते चित्र म्हणजे जिवतीचा कागद. त्याविषयी या धाग्यात एक मत मांडायचे आहे : या कागदावरील दोन स्त्रियांपैकी एकीला आपण हळूहळू पुसून टाकत आहोत, आणि ती पुसली गेली की हे चित्र मुळात भिंतीवर का आले, हेच कळेनासे होते.

२/
प्रथम कागद नीट पाहू. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे दिव्यांच्या अवसेच्या सुमारास बाजारात आघाडा-दूर्वांच्या जुड्यांशेजारी हे कागद दिसू लागतात. कोणी त्याला जिवती म्हणतो, कोणी जिवत्या, कोणी नागनरसोबा. स्वस्त कागद, भडक रंग, चार प्रसंग. एकीकडे खांबातून प्रकटलेला नरसिंह. दुसरीकडे कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण. त्याखाली मांडीवर आणि अंगाखांद्यावर मुले खेळवणाऱ्या दोन स्त्रिया, जरा आणि जीवंतिका. तळाशी बुध आणि बृहस्पती, एक हत्तीवर, दुसरा वाघावर. छापखान्यागणिक मांडणी थोडी बदलते, पण हे चार प्रसंग सहसा सुटत नाहीत.

३/
पूजा दर शुक्रवारी. आघाडा, दूर्वा आणि फुलांची माळ, कापसाचे गेजवस्त्र, हळदकुंकू. पुरणाचा नैवेद्य, आणि पुरणाचेच दिवे करून मुलांचे औक्षण. सवाष्णीला जेवू घालणे, तेही जमले नाही तर दूधसाखर आणि फुटाणे. यातील एक कृती लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावे लागेल : मूल परगावी असेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. आज तिचे मूल पुण्यात असते, बंगळुरूत असते, कधी समुद्रापलीकडे असते. अक्षता त्याच चार दिशांना पडतात.

४/
गेली काही वर्षे श्रावण लागला की या कागदाचा 'शास्त्रीय अर्थ' सांगणारा एक मजकूर मोबाइलवर फिरतो. नरसिंह खांबातून आला, म्हणून तो घरातल्या संकटांपासून राखतो. कालियामर्दन घराबाहेरच्या संकटांपासून. बुध बुद्धी देतो, बृहस्पती विद्या. येथवर फारशी तक्रार नाही. भाविकाने आपल्या देवाचा अर्थ लावावा, तो त्याचा अधिकार आहे. पुढे मात्र हा मजकूर सांगतो की 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जीवंतिका' म्हणजे आयुष्य, अर्थात मुलांना वार्धक्यापर्यंत आयुष्य लाभो अशी ही प्रार्थना. अर्थ गोड आहे. शब्दकोश उघडला तर 'जरा' म्हणजे म्हातारपण, हेही खरे. परंतु भिंतीवर बसलेली ही जरा म्हातारपण नव्हे. ती एक विशिष्ट व्यक्ती आहे, तिला कथा आहे, तिला गाव आहे. ती राक्षसी आहे, मांस खाणारी आणि रक्त पिणारी.

५/
ही कथा महाभारताच्या सभापर्वात येते. मगधाचा राजा बृहद्रथ याला दोन राण्या, दोघी काशिराजाच्या कन्या. संतती नाही. चंडकौशिक ऋषींनी दिलेला एक आंबा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींच्या पोटी अर्धे अर्धे मूल जन्मले : एक डोळा, एक हात, एक पाय. घाबरलेल्या दायांनी ती दोन शकले गुंडाळून चव्हाट्यावर टाकली. तेथे जरा आली. उचलून नेणे सोपे व्हावे म्हणून तिने दोन्ही अर्धुके एकत्र धरली आणि ती सांधली गेली. मूल रडू लागले. त्याचे नाव पुढे जरासंध पडले, जरेने सांधलेला.

६/
येथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. खरा महत्त्वाचा भाग त्यानंतरचा, आणि तो क्वचितच सांगितला जातो. मूल परत देताना राजा तिला विचारतो, तू कोण? प्रचलित पाठात तिचे उत्तर साधारण असे आहे : मी जरा नावाची राक्षसी, माणसांच्या घरोघरी राहते, ब्रह्मदेवाने मला गृहदेवी म्हणून निर्माण केले. जो कोणी मला तरुण रूपात, मुलांसह, आपल्या घराच्या भिंतीवर भक्तीने रेखाटील त्याच्या घराची भरभराट होईल. न रेखाटील त्याचा क्षय होईल. तुझ्या घरात मी भिंतीवर अनेक मुलांच्या घोळक्यात रेखाटलेली आहे, गंध, फुले, धूप आणि अन्न देऊन माझी पूजा होते, म्हणून तुझ्या उपकाराची फेड कशी करावी याचा विचार करीत होते.

७/
हे वाचून मान वर करावी आणि श्रावणातल्या भिंतीकडे पाहावे. भिंतीवरची तरुण स्त्री, भोवती मुले, गंध, फुले, धूप, अन्न. ज्या कागदाला आपण बाजारातली किरकोळ वस्तू समजतो त्याची जवळजवळ संपूर्ण कृती एका प्राचीन ग्रंथात लिहून ठेवलेली आहे. देवी स्वतःच आपले चित्र कसे काढावे ते सांगते आहे.

त्या सूचनेतील अटी नीट वाचाव्यात. तिला तरुण काढा : म्हणजे जरा हे नाव असूनही जरठ काढू नका. तिला मुलांसह काढा. ही दुसरी अट माझ्या मते सगळ्याची किल्ली आहे. मुले खाणारीच्या मांडीवर मूल ठेवायचे. एकदा ते चित्रात तिच्या मांडीवर बसले की ती त्याची भक्षक राहत नाही, आई होते. येथे चित्र हे देवीचे वर्णन नाही. चित्र देवीला बदलते. मंत्राने जे साधते असे आपण एरवी ऐकतो ते येथे रेषेने साधले आहे.

८/
जरेचे गाव गिरिव्रज, मगधाची जुनी राजधानी, म्हणजे पुढचे राजगृह, आजचे बिहारमधील राजगीर. आता बौद्ध परंपरेकडे वळू. तिथेही मुले पळवून खाणारी एक यक्षिणी आहे, हारीती, आणि तिचेही गाव राजगृहच. बुद्धांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची रक्षक झाली. तिला रोज अन्न मिळेल असे वचन बुद्धांनी दिले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग नोंदवतो की विहारांच्या दाराशी किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारीती असते, कडेवर मूल, गुडघ्यांभोवती तीन किंवा पाच मुले, आणि तिच्यापुढे रोज अन्न मांडले जाते.

ही हारीती पाहायला आपल्याला बिहारला जावे लागत नाही. भोकरदनहून सिल्लोडमार्गे निघावे, अजिंठ्याला उतरावे आणि २ क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या बाजूचे छोटे देवालय पाहावे. पाचव्या शतकातले, वाकाटककालीन. हारीती आणि तिचा पती पांचिक शेजारी बसले आहेत. पायथ्याशी मुलांची शाळा भरली आहे, गुरुजींसह. बाजूच्या भिंतींवर पूजेचे साहित्य घेऊन येणाऱ्या स्त्रिया रंगवल्या आहेत. बहुतेक प्रवासी १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे वेळ संपवतात आणि हे देवालय घाईने ओलांडतात. श्रावणातल्या शुक्रवारी घरी जे घडते त्याचे दीड हजार वर्षांपूर्वीचे चित्र त्या भिंतीवर आहे, अन्न घेऊन आलेल्या बायकांसकट.

९/
तिसरे उदाहरण पुन्हा महाभारतातलेच, वनपर्वातले. बालक स्कंदाला मारण्यासाठी इंद्राने मातृकांना पाठवले. त्या गेल्या, आणि त्याला पाहताच त्यांना पान्हा फुटला. मारायला आलेल्या आया झाल्या. तरी त्यांचा जुना स्वभाव पूर्ण गेला नाही. मुले सोळा वर्षांची होईपर्यंत त्यांना पीडा देण्याची मुभा त्यांना मिळालीच. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक रावण की खाई म्हणतात, या मातृका रांगेने बसल्या आहेत. सौम्य वाटतात. त्यांच्या मांडीवरच्या मुलांमुळे त्या सौम्य वाटतात, हे विसरू नये.

१०/
येथे एक खबरदारी. सभापर्वातील श्लोकापासून जालन्याच्या बाजारातील कागदापर्यंत अखंड सरळ रेषा काढण्याचा मोह होतो, आणि इतिहासाच्या धाग्यांवर तो वारंवार होतो. तशी रेषा येथे काढायची नाही. राजगृह, अजिंठा, वेरूळ आणि आपले देवघर यांना जोडणारी गोष्ट एकच आहे : एक करार. जिची भीती वाटते तिला घरात जागा द्यायची, अन्न द्यायचे, तिच्या मांडीवर मूल ठेवायचे, आणि त्या बदल्यात तिने राखण करायची. असा करार वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या देवींशी केला आहे. आपल्या जिवतीच्या कागदावर त्यातली एक सही आहे, आणि योगायोगाने सही करणारीचे नावही शाबूत आहे.

११/
हा करार करावासा का वाटला, हे समजण्यासाठी एक आकडा पुरे. १९११ ते १९२० या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर १,००० बालकांपैकी सुमारे २०० बालके वर्षाची होण्याआधीच दगावत. पाचातले एक. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे स्थिती याहून बरी होती असे मानायला काही आधार नाही. आपल्या पणजीच्या पिढीतील प्रत्येक घराला हा हिशेब ठाऊक होता. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १,००० मागे १६ आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये लस आहे, स्वच्छ पाणी आहे, रुग्णालयातले बाळंतपण आहे. आणि म्हणूनच आजच्या घराला जरेची भीती वाटत नाही, म्हणूनच तिचा 'वार्धक्य' असा निरुपद्रवी अर्थ सहज पचतो. पण ज्या हातांनी ही स्त्री प्रथम भिंतीवर काढली त्या हातांना तो अर्थ परवडणारा नव्हता.

१२/
आता आपली मराठी कहाणी. शुक्रवारी वाचली जाणारी जिवतीची कहाणी बहुतेकांनी ऐकलेली असेल. ऐकली नसेल तर आजीकडे मागावी. राजाला मूल नाही. राणी सुईणीला फितवते, एका गरीब ब्राह्मणीचे नवजात मूल चोरून आणते आणि त्या जागी वरवंटा ठेवते. वरवंटा जन्मला असे त्या बाईला सांगितले जाते. ती विश्वास ठेवत नाही. ती जिवतीचे व्रत करते आणि, माझे बाळ जिथे असेल तिथे सुखी असो, असे म्हणून तांदूळ टाकते. ते तांदूळ राजवाड्यात त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. तिसऱ्या भागात सांगितलेल्या अक्षता त्या याच. हरवलेल्या मुलाच्या आईची कृती आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची आई करते.

१३/
या कहाणीत काय बदलले ते पाहा. सभापर्वात मूल उचलून नेणारी स्वतः जरा होती. कहाणीत मूल उचलून नेते राणी, हाडामांसाची बाई, आणि तिला साथ देते सुईण. पुढे राजपुत्र मोठा होऊन काशीस निघतो, वाटेत एका घरी उतरतो. त्या घरी दरवेळी पाचव्या रात्री बाळ दगावते. राजपुत्र उंबऱ्याशी आडवा झोपलेला असतो. रात्री सटवी येते, आत जायला वाट मागते. जिवती तिला अडवते, हे माझे नवसाचे मूल आहे, याला ओलांडू देणार नाही. शेवटी आई आणि मुलाची ओळख पटते ती भर पंगतीत, पान्हा फुटून. वनपर्वातल्या मातृकांना फुटला होता तसा.

म्हणजे जरेच्या अंगी असलेली दोन रूपे कहाणीने सोडवून वेगळी केली. पळवणे राणीकडे गेले, दारात येऊन प्राण नेणे सटवीकडे, राखणे जिवतीकडे. माणसांच्या गोष्टीसाठी ही वाटणी अधिक सोपी. पण कागदाने ती मान्य केली नाही. कागदावर अजूनही दोघी शेजारी बसल्या आहेत, दोघींच्या अंगावर मुले आहेत, आणि बहुतेक छापांत दोघींचे रूप इतके सारखे असते की जरा कोणती आणि जीवंतिका कोणती हे सांगता येत नाही. कोणाला ही छापखान्याची उणीव वाटेल. मला ती या चित्राची सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

१४/
तळाशी असलेल्या बुध-बृहस्पतींची कहाणी स्वतंत्र आहे, आणि ती तर थेट चित्रकलेविषयीच आहे. दारी आलेल्या मामा-भाच्यांना घरच्या सुना परत पाठवतात, घराला दारिद्र्य येते. धाकटी सून त्यांची क्षमा मागते तेव्हा ते उपाय सांगतात : आमची चित्रे काढून पूजा कर. पैसा हवा असेल तर पेटीवर काढ, धान्य हवे असेल तर कोठीवर काढ. येथेही देव आपले मंदिर मागत नाहीत, मूर्ती मागत नाहीत. चित्र मागतात, आणि कोणत्या पृष्ठभागावर काढायचे तेही सांगतात. एका लहानशा कागदावर दोन कथा अशा आहेत ज्यांत देवता स्वतः सांगते की मला रेखाटा. अशी वस्तू आपल्याकडे दुसरी नसावी.

१५/
कागद येण्याआधी जिवती भिंतीवर गंधाने काढली जाई. अजूनही काही घरांत काढली जाते. मराठवाड्यातली जुनी धाब्याची घरे आठवावीत, पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंती, देवघरातला अर्धा अंधार, आणि त्या भिंतीवर चंदनाच्या किंवा हळदकुंकवाच्या ओल्या बोटाने काढलेल्या चार बाहुल्या. डोके, दोन हात, घागऱ्याचा त्रिकोण, भोवती ठिपक्यांसारखी मुले. सौंदर्याच्या दृष्टीने त्यात काही नव्हते, आणि असण्याची गरजही नव्हती.

महत्त्वाचे हे की ते चित्र घरची बाई काढी. मंदिरातली मूर्ती शिल्पकार घडवतो, प्राणप्रतिष्ठा पुरोहित करतो, सांभाळ पुजारी करतो. अंबडच्या डोंगरावर मत्स्योदरीच्या दर्शनाला नवरात्रात जिल्हा लोटतो, पण तेथे आपण दर्शन घेणारे असतो. जिवतीच्या भिंतीपुढे चित्रकार, पुरोहित आणि यजमान एकच असे. आपल्या धर्मेतिहासात स्त्रीच्या हाती असलेली ही एक अख्खी जागा आहे, आणि ती जागा बोटाच्या एका रेषेवर उभी होती.

१६/
ती रेषा छापखान्याने घेतली. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा प्रेस सुरू झाली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, आणि देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचू लागली. त्या लाटेत लक्ष्मी आणि सरस्वती यांना नवे रूप मिळाले आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. जिवतीच्या छापील कागदाविषयी त्याच्या शतांशानेही नाही. कारण उघड आहे. रविवर्म्याची लक्ष्मी चौकटीत गेली आणि टिकली. जिवती दरवर्षी पाण्यात गेली.

छापलेल्या कागदामुळे व्रत सोपे झाले, ज्यांना चित्र काढता येत नव्हते त्यांची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु भिंतीवर रेखाटण्याचे कर्म जाऊन विकत आणण्याचे कर्म उरले. आता त्याहीपुढे कायमची लॅमिनेट केलेली जिवती मिळते, एकदा घेतली की पुन्हा घ्यायला नको. माझे याला स्पष्ट प्रतिकूल मत आहे. करार दरवर्षी नव्याने करायचा असतो. भिंतीवरची जिवती मिटत असे, म्हणूनच ती पुन्हा काढावी लागे.

१७/
मिटणाऱ्या आणि टिकणाऱ्या वस्तूंचा विषय निघालाच आहे तर पुन्हा भोकरदनला जाऊ. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत त्याचे नाव येते. १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचे साम्य थेट इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी निघाले. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहरातली ती मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडवली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक इतिहासप्रेमीने ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

फक्त एवढेच ध्यानात घ्यावे की हस्तिदंत टिकतो म्हणून त्याचा इतिहास झाला. त्याच भोगवर्धनात त्याच काळी कोणा आईने भिंतीवर काय काढले असेल ते कोणत्याही उत्खननात सापडणार नाही. आपल्या पुराव्यांचा हा पक्षपात आहे : व्यापाऱ्याने परदेशी पाठवलेली बाई उरली, घराने भिंतीवर बसवलेली बाई धुऊन गेली.

१८/
वारली चित्रांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. लग्नघरी सवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्यांच्या हातून जगभर गेली, आणि म्हणून आज पालघट देवीविषयी अभ्यास उपलब्ध आहे. या प्रवासात स्त्रियांचा चौक काहीसा मागे पडला आणि चित्रकार म्हणून पुरुषांची नावे पुढे आली, ही रुखरुख आहेच. तरी नोंद झाली. जिवतीला कोणी कलादालनात नेले नाही, कारण ती 'लोककला' म्हणून मिरवावी इतकी देखणी नाही आणि 'अभिजात' म्हणावी इतकी जुनी दिसत नाही.

१९/
या व्रतावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. हे व्रत लेकुरवाळ्या सवाष्णीचे आहे. जिला मूल नाही तिला, जिचा नवरा नाही तिला, या शुक्रवारी घरात कोठे बसावे हे कळत नाही. सभापर्वातला शब्दही 'सपुत्रा' असाच आहे आणि पुष्कळ घरांत औक्षण आधी मुलाचे होते. हे सारे खरे आहे. त्यावर एवढेच म्हणता येते की हे दुःख कथांनी लपवलेले नाही. बृहद्रथाच्या राण्या निपुत्रिक होत्या. कहाणीतली राणीही निपुत्रिक होती, आणि वारस देण्याचा धाक नसता तर ती वरवंटा घेऊन कोणाच्या बाळंतिणीच्या खोलीत गेली नसती. कहाणी तिला चोर म्हणते. आजच्या वाचकाने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहायला हरकत नाही. मुलींचे औक्षण मुलांबरोबर करणारी आणि शेजारच्या एकट्या बाईला सन्मानाने जेवायला बसवणारी घरे आपल्या भोवती वाढत आहेत. कराराच्या अटी बदलता येतात, हे त्यांनी कोणालाही न विचारता ठरवले आहे.

२०/
दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. देवीला राक्षसी म्हणणे हा अवमान आहे, म्हणून जरेला जगन्मातेचे एक रूप म्हणावे आणि विषय संपवावा. हा आग्रह धरणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका नाही. परंतु तिला राक्षसी मी म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते, तेही राजासमोर आणि कोणतीही लाज न बाळगता. राक्षसी आणि गृहदेवी ही दोन्ही विशेषणे ती एका दमात सांगते. त्या उत्तरानंतर बृहद्रथाने काय केले? तिचे राक्षसीपण झाकले नाही. मगधात त्या राक्षसीच्या नावाने मोठा उत्सव करण्याची आज्ञा दिली आणि मुलाला तिचेच नाव दिले. आपल्याकडे भाद्रपदात येणाऱ्या महालक्ष्म्यांतही थोरली ज्येष्ठाच असते, आणि पुराणांत ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी. मराठवाड्यात तिच्याही पुढ्यात पिलवंडे मांडली जातात. नकोशीला मुले देऊन हवीशी करणे ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. जरेचा अर्थ वार्धक्य करून टाकला की त्या रीतीचा सर्वांत स्पष्ट पुरावा नाहीसा होतो, आणि उरते ते एका रंगीत कागदावरचे निर्धास्त शुभचिंतन.

२१/
येत्या श्रावणात करण्याजोगे एक काम आहे, त्याला विद्यापीठाची पदवी लागत नाही. कागद पाण्यात जाण्याआधी त्याचे सरळ, संपूर्ण छायाचित्र घ्यावे. कडेला छापखान्याचे किंवा प्रकाशकाचे नाव असते, ते वाचता येईल असे घ्यावे. कोणत्या बाजारातून घेतला, किती रुपयांना, घरात त्याला कोणत्या नावाने ओळखतात, जिवती की जिवत्या की नागनरसोबा, ते लिहावे. चार प्रसंग कोणत्या क्रमाने आहेत आणि दोघींच्या अंगावर किती मुले आहेत ते मोजावे. देवघरातल्या जुन्या पोथीत घडी घालून राहिलेला एखादा जुना कागद असेल तर तो आधी. आणि घरात कोणी अजून गंधाने जिवती काढत असेल, अंबड, परतूर, घनसावंगी, जाफराबाद, कोठेही, तर चित्राबरोबर त्या हाताचेही छायाचित्र घ्यावे, अर्थात विचारून. चारही दिशांच्या घरांतून असे कागद या धाग्याखाली जमा झाले तर पुढचा धागा त्यांच्यावरच लिहिता येईल.